मोघेकाकांचा उजवा गुडघा

मोघेकाकांना माझा चेहरा माहीत आहे की नाही, याची मला बरीच वर्षं शंका होती. सिंगापूरच्या टॅम्पिनीस भागातल्या आमच्या ब्लॉकमध्ये ते अकराव्या मजल्यावर राहतात, आम्ही सातव्या. लिफ्टचं दार उघडलं की त्यांची मान खाली जाते, नजर माझ्या चपलांवर टेकते आणि तिथूनच बोलणं सुरू होतं.

"वैशाली, डावी टाच बाहेरून झिजवलीस. पाठ धरली असेल."

पाठ धरलेली असते, हाच खरा ताप आहे. मी दिवसभर ऑफिसात खुर्चीला चिकटून बसणारी बाई. माझ्या पाठीचं काय चाललंय हे मला कळायच्या आधी अकराव्या मजल्याला कळावं, हे मला अजिबात आवडत नाही. पण काकांशी वाद घालता येत नाही. ते पटकन म्हणतात, "चेहरा थापा मारतो गं. पाय थापा मारत नाहीत."

हे त्यांचं पेटंट वाक्य. ते आलंय मिरजेच्या मैदानावरून. तरुणपणी काका खो-खो खेळायचे आणि म्हणे चांगलंच खेळायचे. पाठलाग करताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघितलं की तो हूल देतो, पायांकडे बघितलं तर कुठे वळणार ते आधी कळतं, असं त्यांच्या मास्तरांनी शिकवलं. काकांनी ते जरा जास्तच मनावर घेतलं. पुढे इंजिनिअर झाले, सिंगापूरला शिपयार्डात नोकरीला आले, तीस वर्षांनी रिटायर झाले, पण नजर काही वर आली नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत सगळे मूर्तीकडे बघत आरती म्हणतात, तेव्हा हे मागे उभे राहून पायांच्या रांगेवरून नजर फिरवतात. एकदा कुणीतरी हौसेने आपला होणारा जावई त्यांना दाखवला. मुलगा बँकेत मोठ्या हुद्द्यावर, दिसायला देखणा. काका म्हणाले, "छान आहे. उजवीकडे कलतो जरासा, पण संसाराला चालेल." मुलीच्या आईचा चेहरा पडला. काकांना तो दिसला नसणारच.

नवव्या मजल्यावरच्या चिनी आजींना त्यांनी ब्लॉकच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत, भर व्हॉइड डेकमध्ये थांबवून भाजीची ट्रॉली उजव्या हातातून डाव्या हातात द्यायला लावली होती. आजी आठवडाभर त्यांना बघितलं की खांबाआड जायच्या. मग कंबर दुखायची थांबली. तेव्हापासून चिनी नववर्षाला काकांच्या दाराशी संत्र्यांची पिशवी असते.

मीही त्यांना सनकी म्हणून सोडून दिलं असतं. पण माझी आई गेली तेव्हा मी डोंबिवलीला जाऊन आले, आणि परतल्यावर लिफ्टमध्ये काका भेटले. मी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. उलट चेहऱ्यावर चांगलं ठेवणीतलं हसू चढवलं होतं. काकांनी नेहमीप्रमाणे खाली बघितलं आणि पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दाराच्या कडीला डबा अडकवलेला. आत मऊ भात, मेतकूट आणि एक चिठ्ठी : "पाय फार जड पडतायत. खाऊन घे." मी दारातच बसून रडले. त्या दिवसापासून मी त्यांची चेष्टा करते, पण दुसऱ्या कुणी केलेली मला खपत नाही.

तर हे काका माझ्या मुलीच्या हाती लागले.

ईशा मेडिकलला दुसऱ्या वर्षात होती. तिथे मुलांचे निरनिराळे ग्रुप असतात, तसा ही 'स्पोर्ट्स मेडिसिन इंटरेस्ट ग्रुप'मध्ये शिरली. खेळाडूंच्या दुखापतींमध्ये रस असलेली मुलं दर शनिवारी सकाळी कॉलेजच्या एका खोलीत जमतात, पट्ट्या बांधायला शिकतात, सांधे तपासायला शिकतात. सीनिअर ज्युनिअरांना शिकवतात. अडचण एकच होती. मुलं एकमेकांवरच सराव करायची आणि विशीतले सगळे गुडघे सारखेच.

"आई, तुझ्या ओळखीत कुणी अंकल आहेत का, विथ नीज?" ईशाने विचारलं.

"सगळ्याच अंकलना गुडघे असतात, ईशा."

"नो लाह, म्हणजे ओल्ड नीज. हू वोंट माइंड."

मी मोघेकाकांचं नाव सुचवलं. माझा हेतू फारसा शुद्ध नव्हता. शनिवारी सकाळी तरी लिफ्टमधून निर्धास्तपणे जाता येईल, एवढाच विचार होता.

पहिल्या शनिवारी काका इस्त्री केलेली हाफ पँट घालून निघाले. पँटला पुढून कडक घडी. खांद्यावर पंचा, हातात चिवड्याचा डबा. एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, तासभर जाऊन त्यांनी आपले दोन्ही गुडघे वैद्यकशास्त्राच्या स्वाधीन केले, आणि दुपारी परत आले ते टी-शर्ट घेऊनच. ग्रुपचा निळा टी-शर्ट, छातीवर धावणाऱ्या माणसाचं चित्र. त्या दिवसापासून तो ग्रुप काकांच्या तोंडी 'आमचा संघ' झाला. शुक्रवारी भेटले की म्हणायचे, "उद्या मॅच आहे." टी-शर्टला इस्त्री व्हायला लागली.

कामाची वाटणी ठरून गेली होती. काकांचा डावा गुडघा वयोमानाने झिजलेला. वाकवला की आतून बारीक आवाज यायचा. तो मुलांना ऐकवताना काका म्हणायचे, "लिसन, लिसन, इट इज ईटिंग चकली." मग चकली म्हणजे काय हे समजावण्यात दहा मिनिटं जायची आणि पुढच्या शनिवारी चकल्याही जायच्या. उजवा गुडघा मात्र आवाज न करणारा, सरळ, देखणा. त्यावर थाप मारून काका सांगायचे, "धिस वन, शोरूम पीस." म्हणून झिजलेला गुडघा कसा असतो ते मुलं डाव्यावर शिकायची आणि चांगला कसा असतो ते उजव्यावर. एकमेकांच्या गुडघ्यांना आता कुणी हात लावेना.

शिवाय काका अभिनय करायचे. मुलांनी म्हणावं, "अंकल, आज तुम्ही फुटबॉलर, मांडीचा स्नायू फाटलाय," की काका फुटबॉलर. एकदा ते "आई गं!" असे ओरडले की खालून सिक्युरिटीचा माणूस धावत वर आला. मुलांनी त्यांना विनवून सांगितलं, अंकल, जरा कमी फाटू द्या.

एकच गोष्ट त्यांना सुरुवातीला खटकली होती. माझ्याकडे तक्रार घेऊन आले.

"अगं, ती पोरं दाबतात गुडघा आणि बघतात माझ्या तोंडाकडे!"

मी ईशाला विचारलं. तिने सांगितलं, तसाच नियम आहे. सांधा दाबताना नजर पेशंटच्या चेहऱ्यावर ठेवायची. माणूस तोंडाने 'नाही' म्हणतो, पण दुखलं की चेहऱ्यावर उमटतंच. मी ते काकांना सांगितलं. त्यांच्या आयुष्याच्या तत्त्वज्ञानाच्या हे बरोबर उलटं होतं. त्यांनी "ह्यॅः" केलं आणि निघून गेले.

पण हळूहळू मला काही बदल दिसायला लागले. आठवडाभर दाढीचे खुंट वागवणारे काका शनिवारी तुळतुळीत दाढी करून निघायला लागले. चष्म्याची जुनी फ्रेम जाऊन नवी आली. केसांना तेल, भांग. त्यांच्या पत्नी शालनकाकूंना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मुलगा कॅनडात, दर रविवारी त्याचा फोन येतो. "ऑल गुड, बाबा?" "ऑल गुड." एवढं झालं की हवामान. त्या घरात त्यांच्या तोंडाकडे बघणारं कुणी नव्हतं, आणि शनिवारी सहा-सात जण आळीपाळीने बघत होते, वर विचारत होते, "अंकल, पेन?" काका रुबाबात म्हणायचे, "नो, नो. कंटिन्यू."

अशी तीन वर्षं गेली. ज्युनिअर सीनिअर झाले, नव्या ज्युनिअरांना त्यांनी त्याच गुडघ्यावर शिकवलं. ईशा आणि तिचा मित्र वेई मिंग आता ग्रुप चालवत होते.

मग एका शनिवारी या मुलांच्या मार्गदर्शक डॉक्टर तान स्वतः आल्या. बाई हाडांच्या मोठ्या डॉक्टर, त्यांना यायला वर्षातून एखाद्या वेळी जमायचं. येताना त्यांनी मुलांची परीक्षा घ्यायला एक बास्केटबॉल खेळाडू आणला होता. ठणठणीत, काहीही न झालेला. मुलांना हे सांगितलं नाही, नुसतं म्हणाल्या, तपासा आणि सांगा.

वेई मिंगने तपासलं. गुडघा वाकवून नडगीचं हाड पुढे ओढून बघितलं. म्हणाला, "डॉक्टर, व्हेरी टाइट. दोन्ही बाजूंना."

मग एका मुलीने तपासलं. टाइट. तिसऱ्याने, चौथ्याने, आमच्या ईशाने. सगळ्यांचं एकमत. एवढे आखडलेले गुडघे आम्ही कधी पाहिले नाहीत. खेळाडू बिचारा घाबरून उठून बसला.

डॉक्टर तान यांनी विचारलं, "चांगला गुडघा कसा लागतो, हे तुम्ही कुठे शिकलात?"

सगळ्यांची बोटं कोपऱ्याकडे गेली. तिथे मोघेकाका चिवड्याचा डबा उघडत होते.

बाईंनी त्यांना टेबलावर झोपवलं. आधी डावा गुडघा ओढून बघितला, मग उजवा. परत डावा, परत उजवा. मग त्यांनी हळूच विचारलं, "अंकल, हे कधी झालं?"

"व्हॉट? नथिंग. शोरूम पीस."

शोरूम पीसच्या आत, हाड जागेवर धरून ठेवणारा मुख्य दोर तुटलेला होता. आजचा नव्हे, कित्येक वर्षांपूर्वीचा. त्यामुळे गुडघा ढिला लागत होता, आणि तीन वर्षांतल्या मुलांनी तो ढिलेपणाच 'नॉर्मल' म्हणून हाताला लावून घेतला होता. काका उठले, पंचा खांद्यावर टाकला, "माझी एमआरटी चुकेल" म्हणाले आणि गेले. एमआरटी दर पाच मिनिटांनी असते.

ईशा घरी आली ती रागावून. "थ्री बॅचेस, आई! तीन बॅचेस चुकीचं शिकल्या! दर वेळी विचारलं, पेन? दर वेळी नो, नो. ही लाइड टू अस." बोलता बोलता तिला हसू यायला लागलं, मग हसता हसता डोळ्यांत पाणी. ते नेमकं कशाचं, ते तिलाच कळेना.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात काका. हातात कागदी पिशवी, पिशवीत निळा टी-शर्ट, धुऊन, इस्त्री करून, चौकोनी घडी घातलेला.

"ईशाला दे. संघाचा आहे, संघाकडे जायला पाहिजे."

मी त्यांना हाताला धरून आत बसवलं. चहा टाकला. ते आमच्या फरशीकडे बघत होते.

"एकोणीस वर्षांचा होतो," एकदम सुरू झाले. "जिल्ह्याच्या संघाची निवड चालली होती. खांबाला वळसा घेताना पाय तिथेच राहिला आणि मी फिरलो. आतून आवाज आला. मास्तर धावत आले, म्हणाले, दुखतंय का रे? मी म्हटलं, नाही."

"का?"

"हो म्हटलं असतं तर काढलं असतं ना संघातून." हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं, की मलाच प्रश्न विचारल्याची लाज वाटली. "आणखी दोन सामने खेळलो तसाच. तिसऱ्याला पाय उचलेना. संपलं. पण घरी नाही सांगितलं, कुणाला नाही सांगितलं. सरळ चालायला शिकलो. कठीण नसतं. लक्ष ठेवावं लागतं, एवढंच."

मी त्या माणसाकडे बघत राहिले. साऱ्या टॅम्पिनीसच्या चाली वाचणारा हा माणूस एक्कावन्न वर्षं स्वतःच्या पायांनी थापा मारत होता. आणि आम्ही कुणी ओळखलं नाही, कारण आमच्यात पायांकडे बघणारे ते एकटेच.

"काकूंना तरी?"

"तिला नाही सांगितलं. पण रोज संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी आणून माझ्या उजव्या बाजूला ठेवायची. या सिंगापूरच्या उकाड्यात! मी म्हणायचो, कशाला? ती म्हणायची, असू दे. तेवढंच." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "आहे अजून पिशवी. खिळ्याला टांगलेली. पण स्वतः भरली की कबूल केल्यासारखं होतं."

काका उठले, जाताना म्हणाले, "पोरं चुकीचं शिकली गं माझ्यामुळे. ते वाईट झालं. पण खरं सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी म्हणाले असते, अंकल, तुमचे दोन्ही गुडघे वाया गेलेत, थँक यू." आणि सरळ, ताठ चालत लिफ्टकडे गेले. त्या ताठ चालण्याकडे मला बघवेना.

डॉक्टर तान यांचा निरोप बुधवारी आला. तिन्ही बॅचेसनी परत यायचं आणि बास्केटबॉलवाल्यावर नव्याने शिकायचं. तो तयार होता, फक्त 'टाइट' म्हणू नका एवढीच त्याची अट होती. आणि अंकलना बोलवायचं. दोर तुटलेला असताना माणूस एक्कावन्न वर्षं चालतो म्हणजे काय, ते मुलांनी हाताने बघायला हवं. त्यानंतर बाई स्वतः त्या गुडघ्याचं काय करता येईल ते बघणार होत्या. त्यांचीही अट एकच होती. विचारल्यावर अंकलनी खरं सांगायचं.

काका जायला तयार होईनात. शेवटी मी म्हटलं, मी येते बरोबर. शनिवारी टी-शर्टची पिशवी मीच घेतली.

खोलीत मुलं दाटीवाटीने उभी होती. काका टेबलावर बसले, पाय लोंबते. नजर जमिनीवर, सगळ्यांच्या बुटांवर. वेई मिंग कागद घेऊन समोर बसला. नव्या पेशंटला विचारायचे सगळे प्रश्न त्याने पहिल्यापासून विचारायला घेतले, जणू काकांना तो आजच भेटत होता.

"किती वर्षं झाली, अंकल?"

"फिफ्टी-वन."

"घरी तुमच्याबरोबर कोण राहतं?"

हाही कागदावरचाच प्रश्न. "नोबडी," काका म्हणाले. वेई मिंगने लिहून घेतलं.

मग त्याने गुडघा हातात घेतला आणि सांध्याच्या रेषेवर अंगठा दाबला. "पेन?"

"नो, नो. कंटि..."

वेई मिंगने अंगठा काढला नाही, आणि नजरही काढली नाही. सगळी खोली काकांच्या चेहऱ्याकडे बघत होती. ईशा पुढे झाली. घरी माझ्याशीसुद्धा धड मराठीत न बोलणारी माझी मुलगी म्हणाली, "काका, खरं सांगा. दुखतंय का?"

काकांची मान वर आली.

"दुखतंय," ते म्हणाले. "हो. दुखतं."

मग जे सुरू झालं ते थांबेना. उठताना दुखतं. जिना चढताना कमी, उतरताना जास्त. देवापुढे बसता येत नाही. एमआरटीत उभं राहिलं की तिसऱ्या स्टेशननंतर. अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. वेई मिंगचा कागद भरला, तो मागच्या बाजूला लिहायला लागला. कुणी घाई केली नाही. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले, कारण माझ्या चेहऱ्याकडे कुणी बघू नये असं मला वाटत होतं.

निघताना ईशाने पिशवीतून टी-शर्ट काढला आणि काकांच्या डोक्यातून सरळ घातला, आतल्या शर्टावरूनच. इस्त्रीची घडी विस्कटली. काकांनी ती तशीच राहू दिली.

टॅम्पिनीसला उतरून आम्ही ब्लॉककडे चाललो होतो. छपराखालची लांबलचक वाट. एरवी काका इथे परेड केल्यासारखे चालतात. थोडं पुढे आल्यावर मला बाजूचा आवाज वेगळा वाटला आणि मी नकळत खाली बघितलं. उजवा पाय जरा बाहेर फेकला जात होता, मग क्षणभर थांबून डावा येत होता. मोघेकाका लंगडत होते. उघड, भर दुपारी, साऱ्या टॅम्पिनीसच्या देखत.

मी मान वर केली तर ते माझ्याकडे बघत होते. पायांकडे नव्हे, तोंडाकडे. कपाळाला आठ्या घालून, नीट निरखून.

"वैशाली, तुला चष्मा कधी लागला गं?"

"चौथीत असताना, काका."

"असं होय," ते म्हणाले. चार पावलं गेल्यावर त्यांनी माझ्या कोपराला धरलं. "जरा हळू चाल. दुखतंय."